अनुभवाचा दाखला

वयाच्या सव्विसाव्या वर्षी मी भिवंडीतल्या एका शाळेत कनिष्ठ लिपिक होते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याच खुर्चीवरून निवृत्त होणार हे मला स्वच्छ दिसत होतं. माझ्या आधी त्या खुर्चीवर बाबा बसायचे. ते निवृत्त झाले आणि मुख्याध्यापकांनी ओळखीखातर मला लावून घेतलं. या उपकाराची आठवण घरात आठवड्यातून एकदा करून दिली जाई आणि शाळेत रोज. "बाबांचं नाव राखलंस हो," असं कोणी म्हणालं की मला खिडकीतून उडी मारावीशी वाटे. ऑफिस तळमजल्यावर होतं, त्यामुळे त्याचाही उपयोग नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भिवंडीतच, निजामपुऱ्यात, एका गल्लीत कॉम्प्युटरचा क्लास निघाला. ठाण्यातल्या कंपन्या तेव्हा स्प्रेडशीट येणारी माणसं मागायला लागल्या होत्या. मला ठाण्याला जायचं होतं. तिथे बाबांना कोणी ओळखत नव्हतं, एवढं कारण मला पुरेसं होतं.

क्लास वरच्या मजल्यावर होता आणि खाली यंत्रमाग होते. माग चालू असले की पायाखालची फरशी थरथरायची आणि स्क्रीनवरची हिरवी अक्षरंही. फक्त शुक्रवारी माग बंद असत, तेव्हा सरांचं बोलणं धड ऐकू येई. चपला बाहेर काढून आत जायचं. एका मशिनवर तिघं बसायचे, वाट्याला वीस मिनिटं यायची. उरलेला सराव मी घरी चौकटीच्या वहीत करी. वर इंग्रजी अक्षरं, डावीकडे आकडे आणि चौकटीचौकटीत सूत्रं. हे भरतकामाचं डिझाइन आहे का, असं आईने एकदा विचारलं. मी हो म्हणून टाकलं. पण एक आकडा बदलला आणि खालची बेरीज आपोआप बदलली, तो दिवस मला अजून आठवतो. मी भर क्लासात मोठ्याने हसले होते.

शाळेला एका माजी विद्यार्थ्याने आपला जुना कॉम्प्युटर भेट दिला होता. मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तो प्लास्टिकच्या कव्हराखाली बसून असे. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागे, एरवी कोणाचा हात लागत नसे. मी परवानगी काढली आणि एका वर्गाचा वार्षिक निकाल त्यावर तयार केला. गुण, बेरीज, टक्के, क्रमांक, सगळं. शिक्षकांना ज्याला आठवडा लागायचा ते एका दुपारात झालं. मला वाटलं, आता आपली सुटका होणार. झालं भलतंच. पुढच्या वर्षी सगळ्या वर्गांचे निकाल माझ्या टेबलावर येऊन पडले. शिवाय तपासणीला हस्तलिखितच लागतं म्हणून छापलेला निकाल मोठ्या निकालपत्रकात शाईने उतरवून काढायचा, तेही मीच.

त्याच सुमारास ऑफिसात एक नवी मुलगी लागली. ती दिघाशीची, शेतकऱ्याच्या घरातली. अंबाडीला येऊन एसटी पकडायची आणि माझ्याआधी ऑफिसात हजर असायची. तिची हुशारी मला कळली ती माझ्या चुकीमुळे. सातवीचे क्रमांक लावताना मी फक्त गुणांचा रकाना निवडला. गुण उतरत्या क्रमाने लागले आणि नावं हजेरीप्रमाणे जागच्या जागी राहिली. मी खुशाल कागद छापून मोकळी झाले. तिने पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"ह्यो पयला? न्हाय ताई. ह्याच्या आईला सरांनी दोनदा बोलावलाय, चिठ्ठी मीच लिवलेली."

सगळा वर्ग पुन्हा लावावा लागला.

ठाण्याच्या ज्या कंपनीवर माझा डोळा होता, तिच्या जाहिरातीत एक अट असे: केलेल्या कामाचा अनुभवाचा दाखला हवा. क्लासचं सर्टिफिकेट चालत नसे. मी मुख्याध्यापकांकडे दाखला मागायला गेले. ते कधी कोणाला नाही म्हणत नसत, तेच त्यांचं कसब. त्यांनी चहा मागवला, बाबांच्या गुडघेदुखीची चौकशी केली आणि म्हणाले, तू गेलीस तर निकाल कोण लावणार, आधी दुसरं कोणीतरी तयार कर, मग बघू.

म्हणून मी त्या मुलीला शिकवायला घेतलं. का शिकवतेय ते मात्र सांगितलं नाही. निकालाचं हे ओझं कोण आपणहून अंगावर घेईल, अशी मला भीती वाटली. ताईला आपल्याबद्दल माया आहे, असं ती समजली. थोडी होतीही, नाही असं नाही. मधल्या सुट्टीत डबा पाच मिनिटांत संपवून आम्ही मशिनसमोर बसायचो. पहिले दोन महिने ती की दाबण्याआधी माझ्या तोंडाकडे बघायची. नंतर बघेनाशी झाली. मी नाव आणि गुण दोन ठिकाणी टाइप करायचे, तिने ते एकदाच टाइप करून दुसरीकडे आपोआप येतील असं केलं. मला कौतुक वाटलं आणि जरा झोंबलंही.

त्या वर्षीचा सगळा निकाल तिने एकटीने लावला. मी शेजारी बसून होते आणि मनाने कधीच ठाण्याला पोचले होते. सुट्टी संपली की दाखल्याचं बोलायचं, असं मी ठरवलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी ती माझ्या टेबलाशी आली, हातात पेपरचं कात्रण. कंपनी तीच. तिने अर्ज केला होता, मुलाखत झाली होती, आता फक्त दाखला द्यायचा राहिला होता. सर हो म्हणालेत, ताईंकडून टाइप करून घे म्हणालेत, असं तिने सांगितलं. तिचा चेहरा उजळला होता. "तुमच्यामुलंच, ताई," ती म्हणाली.

मला तिचा राग आला. तिला काहीच माहीत नव्हतं, हे आठवल्यावर तो राग कुठे टाकावा ते कळेना. मी तडक केबिनमध्ये गेले.

"सर, तिला दाखला देताय?"

"देतोय ना. पोरगी पुढे जातेय, कशाला अडवायचं?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "आणि तू आहेस की."

मी माझ्या टेबलाशी परत आले.

मी टाइपरायटरवर शाळेचं लेटरहेड चढवलं आणि टाइप केलं: यांना स्प्रेडशीटचे उत्तम ज्ञान असून शाळेचा वार्षिक निकाल त्यांनी स्वतंत्रपणे तयार केला आहे. त्या मेहनती, विश्वासू व नम्र आहेत. एक शब्द खोटा नव्हता, आणि एकही शब्द मला शोधावा लागला नाही. वर्षभर मी ही वाक्यं स्वतःसाठी मनात जुळवून ठेवली होती. मुख्याध्यापकांनी न वाचता सही केली. शिक्का मारून मी कागद तिच्या हातात दिला. ती नमस्काराला खाली वाकली, तेव्हा मी पाय मागे घेतले.