कमानीवरचे शंख

"तुम्हाला वास येत नाही म्हणून घरात वास नाही, असं थोडंच आहे, आई?" सून नाकाला रुमाल लावून म्हणाली. दोन्ही खिडक्या उघडूनही तिचं समाधान झालेलं नव्हतं. "कालपासून सांगतेय, त्या पोत्यात काहीतरी मेलंय."

"उंदीर असेल."

"उंदराचा वास मला कळतो."

"तुला सगळंच कळतं," सासू म्हणाली. "माझे शंख कधी घाणत नाहीत. लग्न होऊन आलीस तेव्हा न्हाणीत, जिन्यात, पलंगाखाली शंखच शंख होते. तेव्हा आला होता वास?"

"तेव्हा नव्हता. म्हणूनच म्हणतेय, आता आहे."

कोपऱ्यात काळे गोटे निवडत बसलेल्या म्हाताऱ्याने मान वर केली नाही. दोघींच्या मध्ये पडण्याइतका तो खुळा नव्हता.

सासूला सगळी गल्ली शिंपलेकाकू म्हणायची. विहारांचे खांब, भिंती, पायऱ्यांच्या कडा शंख-शिंपल्यांनी मढवणं हे तिचं काम. नवरा दगडाचा, ती शिंपल्याची. तो काळ्या गोट्यांनी वेलीची रेघ ओढायचा, ती पांढऱ्या पाकळ्या भरायची. संसारही त्यांनी तसाच केला. रेघ तो आखायचा आणि ओलांडायची ती.

चुन्याचा लेप ती तळहाताएवढाच लावायची. तो ओला असतानाच शिंपला अंगठ्याने दाबायचा, दाबताना जरासा फिरवायचा, म्हणजे मागे हवा राहत नाही आणि शिंपला जन्मात हलत नाही. हे सगळं ती कुणाची तरी उणीदुणी काढत करायची, तरी पाकळीला पाकळी अशी भिडायची की पाहणाऱ्याने बोट फिरवून सांधा शोधत बसावं. चुन्याच्या धुळीने तिचं नाक मात्र कधीच कामातून गेलं होतं. करपलेलं जेवण ती निवांत वाढायची आणि घरातले मुकाट्याने जेवायचे.

कामात तिचा हट्ट एकच. शंख किनाऱ्यावरून आपण स्वतः वेचायचे, तेही रिकामे. प्रत्येक शंख ती उचलून थोडा वेळ हातात धरून थांबायची. आत काही हललं की परत पाण्यात. "घर रिकामं असेल तर घ्यावं," ती म्हणायची, "भाडेकरू असेल तर आपण पुढे व्हावं." जीव घेणार नाही असं जिथे रोज म्हणायचं, तिथल्याच भिंतीला मारलेले जीव चिकटवायचे, हे तिच्या डोक्यात बसत नसे. लाटांनी घासलेले असे शंख जरा मळकट दिसायचे. दिसेनात का.

यंदा विहाराच्या दाराची कमान आली, आजवरचं सगळ्यात मोठं काम, आणि नेमके त्याच वेळी गुडघे संपावर गेले. वाळूत बसलं की उठवायला माणूस लागायचं. मग मुलाने एका व्यापाऱ्याकडून पोती आणून दिली. "किनाऱ्यावरचेच आहेत, निवडून धुतलेले," तो म्हणाला. शंख असे झळझळीत की तिचे म्हातारे डोळे दिपले. कमान चढत गेली. सकाळचं ऊन पडलं की सगळी कमान आतून पेटल्यासारखी दिसायची. रस्त्याने जाणारे थांबायचे. भंतेजीही एकदा झाडू हातात धरून बराच वेळ उभे राहिले. आणि आयुष्यात कशालाही बरं न म्हणणारी शिंपलेकाकू घरी निघताना मागे वळून पाहायची. आता फक्त माथ्यावरचं कमळ राहिलं होतं.

"आण ते पोतं इकडे," ती सुनेला म्हणाली. "एकदाचा तुझ्या नाकाचा निकाल लावू."

पोत्यातला एक शंख घेऊन तिने सुई आत घातली आणि फिरवली. तपकिरी, वाळकं असं काहीतरी ओढत बाहेर आलं आणि तिच्या तळव्यावर पडलं.

"हे काय?" सुनेने विचारलं.

"भाडेकरू," म्हातारा म्हणाला.

तिने दुसरा शंख घेतला. मग तिसरा. तेवढ्यात मुलगा कामावरून आला, आणि आईच्या हातातली सुई पाहून दारातच थबकला.

"जिवंत काढतात ना हे?" तिने विचारलं.

त्याने चपला सावकाश काढल्या. "काढतात आणि उकळतात. त्याशिवाय अशी चमक राहत नाही. सगळेच असा माल वापरतात, आई."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर घेतला असतास? तू रोज रांगत वाळूतून यायचीस. मला बघवत नव्हतं."

तिने सुई पोत्याला खोचली. ती उठली, भिंतीला धरून चपला घातल्या आणि विहारात गेली.

भंतेजींनी सगळं ऐकून घेतलं. "तुम्हाला ठाऊक नव्हतं," ते म्हणाले. "मनात नव्हतं ते तुमच्या माथी लागत नाही. कमान राहू द्या."

हेच ऐकायला ती आली होती. ऐकलं, आणि तरी पाय निघेना. दाराशी येऊन तिने कमानीवर हात फिरवला. एवढं सुंदर काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि आता या वयात पुन्हा होणारही नव्हतं. काल ठाऊक नव्हतं, खरं. आता होतं. रोज इथून ये-जा करायची, लोकांनी वा म्हणायचं आणि आपण हसायचं.

घरी आली तेव्हा पानं वाढलेली होती. ती बसली, पहिला घास घेतला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "उद्या कमान फोडायची."

"अगं, तो तुझा चुना आहे," म्हातारा म्हणाला. "सुटणार नाही."

"तुझी छिन्नी घेऊन ये. शंख सगळे समुद्रात जातील, पोत्यातलेही. नवे किनाऱ्यावरून येतील. सूनबाई, तू वेचायचेस आणि प्रत्येकाचा वास घ्यायचा. मी शेजारी बसून सांगेन. कमान होईपर्यंत घरातला स्वयंपाक हा करेल."

आणि तिने मुलाकडे बोट दाखवलं.