पेनांगला थांबलो तेव्हा

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं मेलबर्नला गेलो होतो. नात ओळखून हसायला लागली, मुलीच्या सासूबाई मदतीला आल्या, आणि मी इंग्लंडला, लीड्सच्या आमच्या घरी परतायच्या बॅगा काढल्या. २००६ सालचा हिवाळा. तिकडे घर थंडगार पडलेलं असणार, असं मनात येत होतं, तेवढ्यात हे म्हणाले, "एकदम घरी नको जायला. सिंगापूरपर्यंत विमानाने जाऊ, तिथून रेल्वेने रमतगमत बँकॉक, आणि मग घर."

"तिथे कोण आहे आपलं?" मी विचारलं.

"कोणीच नाही," हे म्हणाले, आणि ते सांगताना त्यांना फार बरं वाटत होतं.

आमच्या सुट्ट्या म्हणजे आजवर भारत. नागपूरला दिराकडे, पुण्याला माहेरी, रोज कोणाकडे तरी जेवण, परतताना लोणच्याच्या बरण्या. ह्यांनी जन्मभर कौन्सिलमध्ये रस्त्यांच्या गटारांची कामं पाहिली आणि आदल्याच वर्षी रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी ह्यांचं वर्णन केलं ते 'अ क्वाएट चॅप' असं. खोटं नव्हतं ते. ऑफिसात, शेजारात, मंडळाच्या गणपतीतसुद्धा हे कडेच्या खुर्चीवर बसायचे. मला वाटायचं, माणूसच असा आहे.

सिंगापूरला पहिल्याच दुपारी मी गंमत केली. खाण्याच्या स्टॉल्सचं मोठं आवार होतं, बहुतेक टेबलं भरलेली. एका रिकाम्या टेबलावर टिश्यूचं पाकीट पडलेलं दिसलं. कोणीतरी विसरलं असेल म्हणून मी ते उचललं आणि समोरून उठून गेलेल्या मुलीच्या मागे धावले. ती ऑफिसात काम करणारी मुलगी. तिने हसत सांगितलं, "आंटी, पाकीट ठेवलं म्हणजे जागा धरली." पाकीट तिचं नव्हतंच. मी खजील होऊन परत येते तो पाकिटाची मालकीण ताट घेऊन हजर, आणि हे तिच्याशी बोलत बसलेले. तिने आम्हाला सरकून जागा दिली, काय मागवावं ते सांगितलं. हे नंतर कितीतरी वेळ त्याच कौतुकात होते. एवढं गर्दीचं शहर, आणि टिश्यूच्या पाकिटाचा मान सगळे राखतात.

मग रेल्वे. खिडकीबाहेर तासन्‌तास ताडासारखी पामतेलाची झाडं. क्वालालंपूरला दोन-तीन दिवस नुसते हिंडलो, आणि पुढे समुद्रकाठच्या स्टेशनात उतरून फेरीबोटीने पेनांग बेटावर गेलो. जॉर्जटाउन हे तिथलं गाव. दुकानांपुढून लांबच लांब सावलीचे ओटे, एका गल्लीत चिनी देवळातला उदबत्तीचा धूर, पुढच्या गल्लीत तमिळ बाईच्या हातचा गरम डोसा. दोन रात्री राहायचं ठरलं होतं.

आमच्या गेस्टहाउसमागे पत्र्याच्या छपराचा एक हॉल होता. संध्याकाळी तिथून फटफट आवाज यायचा. चहा पिऊन हे त्या आवाजाकडे निघाले, मी मागोमाग. आत बॅडमिंटन चाललेलं. चौघांच्या डावात एक भिडू कमी होता. खेळणाऱ्यांत पांढऱ्या केसांच्या, हाफपॅंट घातलेल्या एक चिनी बाई होत्या. रिटायर्ड शिक्षिका, हे मागाहून कळलं. त्यांनी दारातल्या ह्यांच्याकडे रॅकेट रोखून विचारलं, "अंकल, यू प्ले ऑर नॉट?"

हे 'नो, नो' म्हणून मागे सरतील, अशी माझी खात्री. ह्यांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

पहिली दोन-तीन फुलं तर रॅकेटला लागलीच नाहीत. मी पर्स घट्ट धरून उभी. मग कुठेतरी ह्यांचा खांदा सैल झाला. समोरच्या तरुणाने जोरात मारलेलं फूल ह्यांनी नुसत्या मनगटाने अडवलं आणि जाळीला घासून पलीकडे टाकलं. तो तरुण जागचा हललासुद्धा नाही. बाईंनी रॅकेट काखेत धरून टाळ्या वाजवल्या. हे मोठ्याने हसले. पोट सुटलेला, टक्कल पडलेला माझा नवरा, पण पाय कुठे टाकायचा ते पायाला आधीच ठाऊक होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मी हे पाहिलं नव्हतं. नागपूरला कॉलेजात खेळायचे, एवढंच कानावर होतं.

परत येताना मी विचारलं, "लीड्सला कधी खेळला नाहीत तुम्ही?"

"एकदा गेलो होतो. तू यायच्या आधी. नवे बूट घेतले होते. बाकावर बसलो. शेवटपर्यंत कोणी बोलावलं नाही. कोणी वाईट वागलं असं नाही. नुसतं बोलावलं नाही." थोडं चालून म्हणाले, "आणि मला विचारता आलं नाही."

मी त्यांचा घामेजला हात तेवढा धरला.

आम्ही पेनांगला दोन रात्रींच्या जागी दहा-बारा दिवस राहिलो. सकाळी बाजार, दुपारी झोप, संध्याकाळी हॉल. त्या बाई खेळ झाला की आम्हाला कॉफीच्या दुकानात न्यायच्या, आणि हे त्यांना गटारांच्या गोष्टी सांगायचे. त्यांच्या गल्लीत भरतीच्या वेळी पाणी शिरायचं, त्यामुळे त्या खरोखर मन लावून ऐकायच्या.

बँकॉकला पोचेपर्यंत ह्यांचा गुडघा सुजला. देवळं, राजवाडा सगळं राहिलं. आम्ही नदीवरच्या बसबोटीत चढायचो, शेवटच्या धक्क्यापर्यंत जायचो आणि परत यायचो. तिकिटवाली बाई सुट्टे पैसे आणि तिकिटं ठेवायची पत्र्याची नळी खुळखुळवत फिरायची. तिसऱ्या खेपेला तिने ह्यांचा पाय पाहून एका धडधाकट माणसाला उठवलं आणि ह्यांना कडेची जागा दिली. गार वारा, पाण्यावर तरंगणारी जलपर्णी, काठावर भात शिजत असलेली घरं. मला वाटतं, देवळं पाहिली असती तरी शहराशी इतकी ओळख झाली नसती.

लीड्सला उतरलो तर बर्फ भुरभुरत होतं. गुडघा बरा व्हायला मार्च उजाडला. मग एका मंगळवारी नाश्ता करताना हे म्हणाले, "लेझर सेंटरच्या खेळाच्या हॉलमध्ये पन्नाशीच्या पुढच्यांचं बॅडमिंटन असतं. विचारून येतो."

दुपार झाली तरी आले नाहीत. शेवटी घरी आले ते तीन गोऱ्या म्हाताऱ्यांना चहाला घेऊन. मी पोहे टाकले. त्यातल्या एकाने मला हळूच विचारलं, "तुमचे मिस्टर नेहमी एवढे बोलतात?"

"अलीकडेच लागलेत," मी म्हटलं, आणि आणखी चहा ठेवला.