सहाजणींतली पाचवी

शालिनीताई सुपरमार्केटच्या रांगेतसुद्धा एक पाय पुढे आणि एक तिरका ठेवून उभ्या राहत. हातात कोथिंबिरीची जुडी, हनुवटी वर, नजर कॅशियरच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर. वय अठ्ठ्याऐंशी. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईची मान आखडली आहे. तसं विचारलंही. त्या म्हणाल्या, "आखडलेली नाही हो, शिकवलेली आहे."

इथे आखातात, अल बर्शा भागात, आमची बिल्डिंग एकच. त्या सातव्या मजल्यावर मुलाकडे, मंदारकडे. मी तिसऱ्यावर माझ्या मुलाकडे. त्या पुण्याच्या, मी दापोलीची. उन्हाळ्यात इथे बाहेर पाऊल टाकवत नाही, म्हणून दुकानं उघडायच्या आधी आम्ही मॉलमध्ये चालायला जायचो. दोन फेऱ्या झाल्या की मी बाकावर बसायचे. त्या बसायच्या नाहीत. "बसलं की पोट सुटतं, खतिजाबी." मी म्हणायचे, "सुटू दे की, आता कोण बघायला येणार आहे?" बाई नाकीडोळी नीटस होत्या, पण फार सुंदर असतील असं मला वाटलं नाही, आणि ते मी बोलूनही दाखवलं. "परीक्षकांनाही तसंच वाटलं," त्या म्हणाल्या.

मग मला कळलं. एकोणीस वर्षांच्या असताना त्या मुंबईत एका मोठ्या स्पर्धेत उभ्या राहिल्या होत्या. देशातली सगळ्यात सुंदर मुलगी निवडायची स्पर्धा. फोटो मैत्रिणीने पाठवला, वडिलांना पत्ता नाही. शेवटच्या सहाजणींत त्यांचा नंबर लागला. एक बाई टेप घेऊन छाती, कंबर मोजायची आणि आकडे मोठ्याने ओरडायची. पलीकडे कारकून लिहून घ्यायचा. शालिनीताईंना रडू फुटलं. तेव्हा हंसा नावाच्या मुलीने त्यांचा हात धरला आणि सांगितलं, बघणाऱ्याकडे बघायचंच नाही, त्याच्या मागच्या भिंतीकडे बघायचं. ती हंसा पहिली आली. "आणि तुम्ही?" "पाचवी." "म्हणजे एक तरी मागे होती." "तिला ताप होता. ती स्टेजवर आलीच नाही."

मी एवढी हसले की सफाईवाला थांबून बघायला लागला. त्याही हसल्या. हरण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. दुसऱ्या एका गोष्टीचं वाटत होतं, ती त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितली.

मधे मराठी मंडळाचं हळदीकुंकू झालं. शालिनीताई मला ओढून घेऊन गेल्या. स्टेजवरची मुलगी माइकमध्ये म्हणाली, "आणि आता एक सरप्राइज! आपल्यामध्ये बसल्या आहेत एके काळच्या देशाच्या ब्यूटी क्वीन, विनर, शालिनी मावशी!" मंदारनेच तसं सांगितलं होतं. हॉल टाळ्या वाजवत उठला. शालिनीताई माझ्याकडे वळल्या. माझ्या कानात म्हणाल्या, "मी खरं सांगणार." मी त्यांचं मनगट धरलं. "काही सांगू नका. गप शाल घ्या आणि खाली या. पोराच्या बॉसची बायको पुढे बसलीय. पोराला मान खाली घालायला लावणार का?" त्या गेल्या, शाल घेतली, "थँक्यू" म्हणाल्या आणि आल्या.

घरी त्यांनी मंदारला सांगितलं. तो म्हणाला, "आई, सत्तर वर्षांनी कोण चेक करतंय? जाऊ दे ना, खलास." मग लिफ्टमध्ये पोरी सेल्फी मागायला लागल्या. मॉलमध्ये बायका थांबवायच्या. शालिनीताईंनी चालायला येणं बंद केलं. मीच सातव्या मजल्यावर जायला लागले. तेव्हा त्यांनी उरलेलं सांगितलं.

पेपरात हंसाचा फोटो आला, खाली ती मापंही छापली, आणि तिचं ठरलेलं लग्न मोडलं. अंगाचं माप साऱ्या गावाला माहीत असलेली मुलगी कुणालाच नको होती. घरच्यांनी तिला बाहेर पडू देणं थांबवलं. तिने शालिनीताईंना पत्र लिहिलं, चार दिवस तुझ्याकडे येऊ का म्हणून. शालिनीताईंचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलं होतं. आईने पत्र फाडून टाकलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. "पहिली येण्याचं जे भोगायचं ते तिने भोगलं, खतिजाबी. मी दार उघडलं नाही. आणि आता तिचा नंबरही मीच घेऊन बसले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही मला बोलू दिलं नाहीत." मी म्हटलं, "नाही दिलं. चुकलं माझं."

पुढच्या कार्यक्रमात सांगेन, म्हणायच्या. पुढचा कार्यक्रम दिवाळीला होता. त्याआधीच न्यूमोनिया झाला आणि आठ दिवसांत त्या गेल्या.

मंदारने बिल्डिंगच्या ग्रुपवर मेसेज टाकला. आईचा फोटो, खाली पुन्हा तेच, एके काळची ब्यूटी क्वीन. माणसं हात जोडलेली चित्रं टाकत होती. मी चौथी शिकलेली, फोनवर एकेक अक्षर शोधून लिहिते. अर्धा तास लागला. लिहिलं, "शालिनीताई पाचव्या आल्या होत्या. पहिली हंसा आली. हे त्यांना सांगायचं होतं. मी सांगू दिलं नाही."

सून धावत आली. "अम्मी, डिलीट करा. त्यांच्या घरात मौत झालीय." नात म्हणाली, "दादी, नॉट द टाइम." मी म्हटलं, मागच्या वेळीही टाइम नव्हता. डिलीट केलं नाही.

तिसऱ्या दिवशी मंदार दारात उभा राहिला. दाढी वाढलेली. बसला नाही. "खाला, का केलंत असं?" मी त्याला पत्राचं सांगितलं. त्याला हे माहीत नव्हतं. मग म्हणाला, "मला तर ती फक्त म्हणाली, मी पहिली नव्हते. मला वाटलं, उगाच मनाला लावून घेतेय."

त्याने खिशातून फोन काढला. "त्या हंसा असतील का अजून? नसल्या तरी मुलं, भाचे कुणीतरी असेल. शोधतो मी. आडनाव काय त्यांचं?"

मला माहीत नव्हतं. शालिनीताईंनी कधी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं.