मंगलचा माइक

हे आजवर कुणाजवळच बोलले नाही. तुम्हाला सांगते आहे. पण आधीच सांगून ठेवते, मान खाली घालून सांगणार नाही.

सेनगावात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. माइकमधून आवाज जात नसेल तर काय करायचं, हे मी रोज शिकवते. वायर नंतर बघा. आधी सेटिंगमध्ये जाऊन कुठला माइक निवडलाय ते बघा. झोपेतून उठवलं तरी सांगेन. म्हणून म्हणते — मला कळलं नाही, असं कुणी समजू नये.

मंगल माझी धाकटी बहीण. पुण्याच्या एका कंपनीत फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायचं काम होतं आणि त्याची मुलाखत ऑनलाइन होती. केस घट्ट बांधून ती माझ्याच क्लासमधल्या कॉम्प्युटरसमोर बसली. आवाज स्वच्छ, बोलणं नीट. नोकरी तिलाच मिळाली असती. आणि मग? वडील गेलेले, आई लकव्याने अंथरुणाला. तिला उचलायचं, धुवायचं, भरवायचं आम्ही दोघी मिळून करत होतो. मंगल गेली की मी एकटी.

हे कारण झालं. सबब म्हणून देत नाही.

पडद्यावर मुलाखत घेणाऱ्या मॅडम आल्या. मंगलने नमस्कार केला, नाव सांगितलं. मॅडमनी कानाला हात लावून नकारार्थी मान हलवली.

“ताई, माझा आवाज काहून जाऊन नाही राहिला?”

मी वाकून पाहिलं. एका नजरेत दिसलं — कॅमेऱ्यातला बंद पडलेला माइक निवडला गेला होता. हेडफोनचा निवडला की झालं. माउस माझ्याच हातात होता. आणि मी काय केलं? वायर काढली. फुंकर मारली. पुन्हा लावली. मग कॉम्प्युटर बंद करून चालू केला — तो किती सावकाश उठतो, हे मला ठाऊक नव्हतं का? बहिणीसाठी धडपडतेय, असंच दिसत होतं. तो उठेपर्यंत मॅडम निघून गेल्या होत्या. पुन्हा कळवू, एवढा मेसेज ठेवून. कुणी कळवलं नाही.

मंगल रडली नाही. उलट माझ्याच पाठीवर हात ठेवून म्हणाली, “जाऊ दे ताई, तू तर लई केलंस.”

तेव्हा बोलता आलं असतं. मी चहा ठेवायला गेले.

पुढे तिने कुठे अर्जच केला नाही. आपल्या नशिबातच नाही, म्हणायची, आणि मी ऐकून घ्यायचे. आईचं शेवटपर्यंत आम्ही दोघींनी केलं. आई गेल्यावर मंगलचं लग्न झालं, शिरड शहापूरला. तिथे ती लेकरांच्या शिकवण्या घेते. बरं चाललंय तिचं. पण त्याने माझं केलेलं धुऊन निघतं का? नाही.

कुणी म्हणेल, आईसाठी केलंस. तेही खोटं. आईसाठी मी एकटीही राबले असते. मला एकटं राहायचं नव्हतं, म्हणून केलं. त्यानंतर माझी झोप उडाली नाही, जेवण सुटलं नाही.

रविवारी मंगल येणार आहे. जेवण झालं की तिला हे सगळं सांगणार आहे, असंच, काही न गाळता. माफ कर म्हणणार नाही. ती उठून निघाली, तर अडवणार नाही.