गुरवकाकांचा साक्षीदार

देवाला कौल लावण्याआधी गुरवकाका पंखा बंद करायचे. आमच्या पालीजवळच्या गावातल्या देवळात हा पंखा मुंबईकर चाकरमान्यांनी बसवलेला. वैशाखात माणसं घामाने निथळायची, कुरकुरायची, पण काका ढिम्म. "वाऱ्याचा कौल नको, देवाचा हवा," म्हणायचे, बटण बंद करायचे आणि मगच पूजेच्या तांब्याला हात लावायचे.

कौल लावायचा म्हणजे देवाच्या पाषाणावर उजव्या-डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो तेव्हा हा प्रकार बघून मला चेव चढला. पंचक्रोशीतलं अज्ञान दूर करायचं कंत्राट मलाच मिळालंय, असा त्या वयात माझा समज होता.

एका रविवारी मी घरचा पाटा उभा करून त्याला जास्वंदीच्या पाकळ्या चिकटवत बसलो. बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "अहो, वाटण कशावर करू? तुमच्या डोक्यावर?" मी वहीत डावा-उजवा लिहीत राहिलो. संध्याकाळी दोन्ही बाजूंचा हिशेब सारखाच भरला. ती वही घेऊन मी छाती पुढे काढून देवळात गेलो. काकांनी पानन् पान बघितलं. ते एकाच डोळ्याने बघत. दुसरा लहानपणी काजू भाजताना उडालेल्या तेलाने गेलेला.

"मेहनत केलीत वो मास्तर," ते म्हणाले.

"म्हणजे देव नाही, हे पटलं ना?"

"म्हणजे देव कोणाची बाजू घेत नाय. मी तरी येगळं काय सांगतोय?"

मी वही काखेत मारून घरी आलो. बायकोने नुसतं तोंडाकडे बघितलं आणि जेवायला वाढलं.

काकांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "माणसाला जे ठाऊक हाय, ते देवाला विचारू नये." कोणी तापाचं पोर घेऊन आलं की ते आधी आरोग्य केंद्रात पिटाळायचे. एकाने पंप चोरीला गेला म्हणून कौल मागितला. काका म्हणाले, "मेल्या, चोर तुला ठाऊक हाय. भांडायची भीती वाटते म्हणून देवाला पुढे करतोस." तो खाली मान घालून गेला. मी वर्गात वर्षभर घसा फोडून जे शिकवायचो, ते हा माणूस देवळात बसून शिकवत होता. याचा मला चांगलाच राग यायचा.

पुढे काकांच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू आला. पाकळ्या चाचपून लावता यायच्या, पण कुठली पडली ते दिसेना. गावात भक्तांची काही कमी नसताना ते माझ्याच दारात आले. "मास्तर, तुमी सोमवारी येऊन बसा. पडली ती बाजू सांगायची, बस."

"मी? अहो, मी देव मानत नाही!"

"म्हणून तर. मानणारा त्याला हवी ती बाजू बघतो. तुमाला काय पडलेली नाय."

माझा अहंकार असा गोंजारला गेला की मी हो म्हणून बसलो. मग काय विचारता! दर सोमवारी विज्ञानाचे मास्तर गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पाकळीकडे डोळे लावून. शिक्षकांच्या खोलीत मला 'देवाचे कारकून' म्हणू लागले. बायको म्हणाली, "घरच्या देवाला हात जोडत नाही आणि गावच्या देवाची चाकरी करता!" पण दोन वर्षं मी जे दिसलं तेच सांगितलं, एकदाही फसवलं नाही.

मग एका सोमवारी देवळात कोणी नसताना काकांनी पंखा बंद केला. "आज माझा प्रश्न हाय. रत्नागिरीचा डॉक्टर डोळा कापू म्हणतो. कापू देऊ?"

"काका, डॉक्टरांना ठाऊक आहे ते देवाला कशाला? तुम्हीच सांगता ना!"

"ते दुसऱ्याला सांगायला सोपं. हा एकच डोळा उरलाय वो मास्तर. गेला तर काळोख." मला फार वाईट वाटलं.

त्यांनी पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. आम्ही वाट बघत बसलो. पडली ती डावी.

"उजवी!" मी म्हणालो.

काका रत्नागिरीला गेले आणि इथे माझी झोप उडाली. पाकळी पाणी सुकलं की पडते, हे पाट्यावर सिद्ध केलेला मी, त्या पाकळीला घाबरलो! ऑपरेशनच्या सकाळी तर मी देवळात गेलो, आजूबाजूला कोणी नाही ना बघितलं आणि हात जोडले. "खोटं मी बोललोय. त्याचा राग त्यांच्या डोळ्यावर काढू नकोस." ज्याच्यावर आपला विश्वास नाही त्याची माफी मागताना माणूस किती बावळट दिसतो, ते मला त्या दिवशी कळलं.

पट्टी सुटली आणि काकांना दिसू लागलं. भेटायला गेलो तर माझ्याकडे निरखून म्हणाले, "मास्तर, म्हातारे झालात." मग हळूच, "डावी पडली होती ना?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. "तुम्हाला कसं कळलं?"

"उजवी पडली की तुमी नेहमी रडतखडत सांगता. त्या दिवशी उडी मारून सांगितलंत."

"मग गेलात कशाला? देव तर नको म्हणाला होता!"

"दोन वर्षं तुमी खोटं बोलला नाय. त्या दिवशी माझ्यासाठी बोललात. तुमच्यासारक्याला देवान खोटं बोलायला लावल्यान, तो कौल पाकळीपेक्षा मोठा."

"देवाने नाही हो. मला तुमची माया आली म्हणून बोललो."

"बरं. तसं म्हणा," काका म्हणाले आणि चहा सांगायला उठले.

त्यानंतर सहा वर्षं त्यांनी स्वतःच्या डोळ्याने पाकळ्या बघितल्या. यंदा पौषात ते गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या मुलाने मला विचारलं, "मास्तर, बाबा सगळ्या गावाला सांगायचे, मास्तरांचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. एवढा विश्वास तुमच्यावर कसा काय?"

"मी त्यांना एकदा फसवलं होतं," मी म्हणालो, आणि मग मला रडू आवरेना.