मागे कुणी उभं राहायचं नाही

आमच्या घरी ट्रॅक्टर आला तेव्हापासून ट्रॉली मागे घ्यायची म्हटलं की दोन माणसं लागायची. हे सीटवर आणि मी मागे. ट्रॉलीचं सगळंच उलटं असतं. ती डावीकडे वळवायची तर स्टिअरिंग उजवीकडे फिरवायचं, आणि हात जरा जास्त फिरला की ती वाकडी होऊन अशी अडकून बसते की पुढेही जाता येत नाही. म्हणून मागे कुणीतरी उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, जरा इकडं, बास" असं म्हणत राहायचं. कांदा साठवायच्या चाळीपाशी असो, व्यापाऱ्याच्या खळ्यावर असो, ते काम माझं. यांनी जन्मात माझं दुसरं काही ऐकलं नाही, पण ट्रॉली मागे घेताना ऐकायचे. मी 'बास' म्हटलं की ब्रेक लागायचा.

हे गेले आणि ट्रॅक्टर शेडमध्ये उभा राहिला. रानात मी चालवत होतेच, रोटाव्हेटर मारायला मला कुणाची गरज नव्हती. पण कांदा भरलेली ट्रॉली घेऊन लासलगावच्या मार्केटला जायचं म्हणजे रस्त्यावर यायचं, आणि रस्त्यावर यायला लायसन लागतं. ते माझ्याकडे नव्हतं. त्यामुळे प्रत्येक ट्रॉलीला मुलाला बोलवावं लागायचं.

मुलगा नाशिकला राहतो, ओझरजवळ एका कारखान्यात कंत्राटी कामाला आहे. आमचं गाव निफाड तालुक्यात, म्हणजे फार लांब नाही. उन्हाळ कांदा चाळीत भरला की कुणी एकदम विकत नाही, भाव बघून एकेक ट्रॉली काढतात. त्यामुळे आठवड्यातून एकदा तो सकाळीच मोटारसायकलवर यायचा. ट्रॉली घेऊन जायचा, लिलाव करून, माल खाली करून संध्याकाळी परत यायचा. मग माझ्यासमोर बसून जेवायचा आणि मार्केटमध्ये कोण कुणाशी भांडलं ते सांगायचा. खरं सांगते, कांदा विकला जाण्यापेक्षा मी त्या जेवणाची वाट बघायचे. बाकीचे दिवस मी आणि शेजारणीचं मांजर. त्या मांजराशी मी किती बोलते हे गावाला कळलं तर मला येड्यात काढतील.

पण त्याची ओढाताण मला दिसत होती. मार्केट चालू असतं तेव्हा त्याची ड्युटी असते, आणि त्याला सुट्टी असते तेव्हा मार्केट बंद. दर वेळी कुणाच्या तरी हातापाया पडून पाळी बदलून यायचा. एकदा जेवता जेवता म्हणाला, "आई, ठेकेदार म्हणतो शेती तरी कर नाहीतर नोकरी तरी कर. दर आठवड्याला नाही जमणार गं." मला राग आला. त्याच्यावर नाही, ठेकेदारावर, पण समोर तोच होता. म्हटलं, "मग मीच काढते लायसन. तू बस तुझ्या कारखान्यात."

मला वाटलं, तो नको म्हणेल. आई, या वयात कशाला, असं काहीतरी म्हणेल. हा गडी हात धुऊन आला आणि मोबाइलवर फॉर्मच भरायला बसला. "फोटो आहे का तुझा एखादा?" म्हणाला. किती दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा झालेला पाहिला. आता माघार कशी घेणार?

डॉक्टरचा दाखला झाला, मग कॉम्प्युटरवरची परीक्षा. तिथं एक प्रश्न आला, ट्रॉलीतून माणसं नेता येतात का? माझं बोट 'होय' कडे निघालंच होतं. अहो, माझ्या लग्नाचं अख्खं वऱ्हाड ट्रॉलीतून आलं होतं. मग म्हटलं, सरकार विचारतंय त्याअर्थी काहीतरी काळंबेरं असणार, आणि 'नाही' दाबलं. ते बरोबर निघालं. ट्रॅक्टरला सीट एकच, माणूस एकच, मडगार्डवरसुद्धा कुणी बसायचं नाही. मी संसारातला निम्मा रस्ता यांच्या शेजारी त्या मडगार्डवर बसून काढला. तो सगळा बेकायदा निघाला.

वजनाचंही तसंच. ट्रॉलीला तिचा वेगळा नंबर असतो, वेगळा कागद असतो, रिकामी किती आणि भरून जास्तीत जास्त किती ते त्यावर लिहिलेलं असतं, हे मला मुलाने समजावलं. हे तर फळ्यांच्या वर ढीग लावायचे. चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलल्यासारखी व्हायची आणि मला म्हणायचे, घट्ट धर. "तसं करायचं नाही," मुलगा बजावायचा. "भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते. वर चढताना जो गिअर असतो त्याच गिअरमध्ये खाली उतरायचं. न्यूट्रल तर अजिबात नाही." शिकवताना तो थेट यांच्यासारखा चिडायचा. मी मुद्दाम दोनदा तेच विचारायचे.

पक्क्या लायसनची टेस्ट नाशिकला होती. ट्रॅक्टर ट्रॉलीसकट मुलगा घेऊन निघाला. मी म्हटलं, मी बसते मडगार्डवर. तर म्हणे, "परीक्षेला चाललीस आणि नियम मोडत जाणार?" म्हणून मी एसटीने गेले. चांदोरीच्या पुढे बसने त्याला मागे टाकलं. खिडकीतून मी हात केला. त्याचं लक्ष रस्त्यावर होतं. रिकामी ट्रॉली खडखडत होती आणि तो एकटाच बसला होता, मान यांच्यासारखी जराशी वाकडी करून. मला एकदम भडभडून आलं. शेजारच्या बाईने विचारलं, काय झालं? म्हटलं, धूळ.

मैदानावर दहा-पंधरा पोरं होती आणि त्यांच्यात मी एकटी लुगड्यातली. साहेबांनी ट्रॅक्टर पुढे घ्यायला लावला, वळवायला लावला, थांबवायला लावला. ते सगळं झालं. मग म्हणाले, "आता ट्रॉली रिव्हर्स घ्या. त्या दोन खांबांच्या मधे."

मी हँडब्रेक लावला, खाली उतरले आणि चालत ट्रॉलीच्या मागे जाऊन उभी राहिले.

पोरं हसायला लागली. साहेबांना काही कळेना. म्हणाले, "मावशी, तिकडं कुठं? चालवणार कोण?" तेव्हा माझ्या ध्यानात आलं मी काय करून बसले ते. रिव्हर्स म्हटलं की पाय आपोआप मागे गेले. इतकी वर्षं गेले तसेच. मी पुढे पाहिलं तर सीट रिकामी होती. हे जाऊन तीन वर्षं झाली, पण माझा नवरा मेलाय हे मला त्या मैदानावर, त्या हसण्यात, पहिल्यांदा नीट कळलं.

मी परत वर चढले. मुलगा पळत मागे यायला निघाला, तर साहेबांनी त्याला अडवलं. "मागे कुणी उभं राहायचं नाही. त्यांचं त्यांना घेऊ द्या."

आता जे सांगते ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही. सीटवर बसल्यावर माझ्या मनात आलं, खांब पाडावा. काय अवघड होतं? स्टिअरिंग जरा जास्त फिरवलं असतं की झालं. नापास झाले असते, आणि पुढच्या आठवड्यात तो कांदा न्यायला आला असता, त्याच्या पुढच्याही आठवड्यात. कुणी मला दोष दिला नसता. म्हातारी बाई, तिला कुठून जमायचं, असंच म्हणाले असते सगळे.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो कडेला उभा राहून फोनवर बोलत होता. आवाज येत नव्हता, पण वाकला होता, मान खाली, एक हात छातीवर, आपण कुणाची तरी माफी मागतो तसा. मला ते बघवलं नाही. माझ्या पोराने माझ्यासोबतच्या एका जेवणापायी कुणापुढे असं वाकायचं? मी गिअर टाकला आणि आरशात बघत हळूहळू ट्रॉली दोन खांबांच्या मधे सरळ नेऊन लावली.

लायसन पोस्टाने आलं. मी एकटीने लासलगावला पहिली ट्रॉली नेली. लिलावाच्या रांगेत प्रत्येक ट्रॅक्टरपाशी दोघं-तिघं, कुणी चहा आणतंय, कुणी जागा धरतंय. मी सीटवरून उतरलेच नाही, उतरून बोलणार कुणाशी? काट्यावर भरलेली ट्रॉली तोलली, खळ्यावर खाली केली, रिकामी तोलली, घरी आले. फोन केला तर तो इतका खूश, की मलाही क्षणभर बरं वाटलं. "बघ, उगाच घाबरत होतीस," म्हणाला. पुढच्या ट्रॉलीला त्याचा फोन आला. त्याच्या पुढच्या ट्रॉलीला मीच केला. नंतर कांदा संपत आला आणि विचारण्यासारखं काही उरलं नाही. तिकडे त्याला कायम करणार आहेत म्हणे. चांगलंच झालं.

परवा न राहवून मी फोन लावला. म्हटलं, "येतोस का एखाद्या दिवशी?"

मागे मशीनचा आवाज येत होता. तो मोठ्याने म्हणाला, "का गं आई? काही अडलंय का?"

मी अंगणात उभी होते. चाळ झाडून ठेवलेली, डिझेल भरलेलं, ट्रॉली शेडमध्ये नीट मागे घेऊन लावलेली. "नाही रे," म्हटलं, "अडलं काही नाही."

"मग सवड झाली की येतो," म्हणाला आणि घाईत फोन ठेवला. ठेवल्यावर मला सुचलं, ट्रॉलीचं चाक बसलंय, असं तरी म्हणायला हवं होतं. मग आठवलं, चाक कसं बदलायचं तेही त्याने मला शिकवून ठेवलंय.