पणजोबांचं गाव आणि आईचे गुडघे

आमचे पणजोबा पेणला कुठून आले, हे काकाला पक्कं ठाऊक होतं. घाटावरून, घोड्यावर बसून, कुठल्याशा राजाशी भांडून. पुरावा काय, तर काकाचं नाक. सरदाराचं नाक म्हणे! सर्दी मात्र चारचौघांसारखीच व्हायची.

गावच माहीत नाही म्हटल्यावर कुलदेवी तरी कुठली माहीत असणार? मग काकाने सरदारांना शोभेल अशी देवी आपणच ठरवून टाकली. साताऱ्याकडची, डोंगरावरची, चारशे पायऱ्यांची. माझी आई घरातली थोरली सून. वर्षानुवर्षं खण-नारळ घेऊन ती त्या पायऱ्या चढली. काका खाली टपरीवर चहा पीत ओरडायचा, "वैनी, सावकाश!" काय ती माया!

आता आईच्या गुडघ्यांच्या वाट्या पार झिजल्यात. खाटेवरून उतरवायलाही माणूस लागतं. गेल्या दिवाळीत ती मला म्हणाली, "मरायच्या आधी एकदा देवीची ओटी भरायची हाय गो. पण मला वर नेनार कोन?"

मी नोकरीतून नुकतीच मोकळी झाले होते. म्हटलं, आईला खुर्चीत बसवून डोंगर चढवायचा, तर ती देवी आपलीच आहे ना, एवढं तरी बघू. तहसील कार्यालयात खेपा घातल्या. शेवटी जन्म-मृत्यूची जुनी वही हाती आली, ती सगळी मोडीत. मोडी वाचणारे एक निवृत्त मास्तर गाठले. आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. बापाचं नाव, म्हणजे आमचे पणजोबा. मूळ राहणार कोलाडजवळचं एक गाव, तालुका रोहे. धंदा, गुरं राखणे.

मी मास्तरांना ते तीनदा वाचायला लावलं. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या.

घरी येऊन काकाला सांगितलं. तो म्हणाला, "घोडे म्हणजे तरी काय? गुरंच की!"

दुसऱ्याच रविवारी आम्ही तिघं गाडीने निघालो. सरदारसाहेब इस्त्रीच्या कपड्यांत पुढे, आई मागे उशीला टेकून, मांडीवर ओटीचं ताट. वडखळ ते नागोठणे रस्ता असा उखडलेला, की पणजोबा गुरं हाकत आमच्या आधी पोचले असते. गावात आमच्याच आडनावाचे एक म्हातारबा भेटले. आपला एक भाऊ पेणला गेला, असं त्यांचा आजा सांगायचा. कुलदेवी कुठली विचारल्यावर त्यांनी बोट दाखवलं. शेताच्या बांधावर, झाडाखाली, शेंदूर फासलेली देवी. गाडी थेट तिच्यासमोर थांबली.

आईला धरून उतरवलं. ती इकडेतिकडे बघायला लागली.

"गो, पायऱ्या कुठं हायत?"

"नाहीत गं आई. एकपण नाही."

तिने ओटी भरली. खण नीट पसरला, नारळ ठेवला, हात जोडले. मग वळून काकाकडे बघितलं. एवढ्या वर्षांत ती दिरासमोर कधी आवाज चढवून बोललेली नव्हती.

"भावोजी," ती म्हणाली, "आपली देवी इथं बसलीय. मंग माजे गुडघे मी कोनाला वाह्यले?"

काका रुमाल काढून नाक पुसत राहिला.